कच्च्या दोऱ्याचा पट्टा

अकोल्याच्या कापड बाजारामागच्या बोळात एक टेलर चाचा होते, आणि ते कुणाचंही माप उभ्याने घेत नसत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्यांचा पहिला शब्द, "लेटो." कापड बेतायचं लांब लाकडी टेबल होतं, त्यावर सतरंजी आणि डोक्याखाली चिंध्यांची उशी. माणूस निजला की दुसरा शब्द, "खोको." तो खोकायचा, चाचांचा हात त्याच्या जांघेवर असायचा आणि नजर बाहेर बोळातल्या शेळीवर. त्याला लाज वाटू नये म्हणून नव्हे. ती शेळी त्यांचं कापड खायची.

ते हर्नियाचे पट्टे शिवायचे. फक्त तेच. तरुणपणी शेरवान्या शिवायचे, पण रेडीमेडचा जमाना आला. "माणसाचं वरचं कापड आता कंपनी शिवते," ते म्हणत, "म्हणून मी आतलं पकडलं." सगळा बाजार त्यांना 'कच्चेवाले चाचा' म्हणायचा. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या दोऱ्यामुळे. त्यांनी शिवलेला पट्टा तीन महिन्यांच्या वर टिकत नसे. बरोबर तिसऱ्या महिन्यात बगलेची शिवण उसवायची, गादी लटकायची आणि गिऱ्हाईक शिव्या देत परत यायचं.

त्या शिव्या मी छापल्या होत्या. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझे बाबा धान्य बाजारात हमाल. टोळीचे मुकादम. आमच्या घरात देवांच्या तसबिरी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती त्यांच्या छापील पोटावर. बाबांचं सगळ्यांत गाजलेलं पत्रक पोत्याच्या वजनावर होतं. शंभर किलोचं पोतं माणसाच्या पाठीसाठी नाही, हे त्यांनी आडतीच्या प्रत्येक भिंतीवर चिकटवलं होतं. अशा घरात वाढलेल्या मुलीला अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो.

चाचांचा मथळा मला कपडे वाळत घालायच्या तारेवर सापडला. बाबांच्या बनियनखाली लपवून वाळत घातलेला एक पट्टा होता, जाड खादीचा, एका बाजूला उशीसारखी गोल गादी असलेला. शिवण उसवलेली होती.

"हे काय आहे, बाबा?"

"कमरेचा हाय. ओझ्यासाठी."

"कमरेचा पट्टा जांघेत बांधतात?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मायले सांगू नको. आतडी उतरली थोडी. खोकलो का गोळा येते, झोपलो का जाते. दुखत नाई. दोन वर्षं झाले."

दोन वर्षं! ज्या माणसाने ओझ्यावर पत्रकं काढली, तो स्वतःच्या शरीरावरचा पुरावा बनियनखाली वाळत घालत होता. का, तर टोळीत कळलं असतं. ज्याची आतडी उतरली त्याला टोळीत जड पोतं देत नाहीत, आणि ज्याला जड पोतं देत नाहीत तो मुकादम राहत नाही. दुसरं कारण त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. ते पुढे येईल.

मी पट्टा घेऊन तरातरा चाचांच्या दुकानात गेले. टेबलापाशी एक मोठे आडते, म्हणजे धान्याचे दलाल, उभे होते. त्यांना निजायचं नव्हतं, म्हणून ते टेबलाला टेकून उभे होते.

"मी उभ्यानंच माप देतो," आडते म्हणाले.

"उभ्यानं माप द्या लागते तर सफारी शिवा," चाचा म्हणाले. "गोळा बाहेर असतानी पट्टा बांधला तर तो आतड्यालेच चेपते. आधी लेटायचं, गोळा आत जाऊ द्यायचा, मग बांधायचं. रोज सकाळी, खाटेवरून उतरायच्या आधी. लेटो."

आडते निजले, खोकले. चाचांनी माप घेतलं आणि पट्टा शिवायला घेतला तेव्हा मी पाहिलं, त्यांनी फळीवरून निळं रीळ उचललं. नायलॉनचा पक्का दोरा. ओढून पाहिला, दाताने तोडला. मग माझ्याकडे वळले.

"बोल बेटी."

"माझ्या वडिलांचा पट्टा उसवला. तीन महिन्यांत."

"उसवणारच. मी पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता. बापाले पाठव. पुन्हा माप घेतो."

"माप कशाला? शिवण घाला. ह्याच निळ्या दोऱ्याने घाला."

"नाई. बापाले पाठव."

"शेटजींना पक्का दोरा आणि हमालाला कच्चा?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुये डोळे चांगले हायेत," म्हणाले. "पण जीभ घाईची हाय. बापाले पाठव."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. ह्या माणसाला खुलासा द्यायची सवयच नव्हती, आणि मला खुलासा नसला की गुन्हा दिसायचा. मी तिथून निघाले ती बसस्टँडजवळच्या मोच्याकडे. त्याने चपलेच्या आरीने, मेणाच्या दोऱ्याने, दुहेरी शिवण मारली. पट्टा इतका मजबूत झाला की त्याने म्हैस बांधता आली असती. बाबा खूश झाले. "आता कोठी जा लागत नाई," म्हणाले. त्या वाक्याचा मला किती अभिमान वाटला होता, हे आज लिहायला लागतंय.

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. 'कच्चा दोरा, पक्की लूट!' खाली: शेटजीला नायलॉन, हमालाला चिंधी. आजाऱ्यांना पुन्हा पुन्हा यायला लावणारा टेलर. बंधूंनो, हा पट्टा टिकत नाही! आणि शेवटी, 'एक जागरूक नागरिक'. बाजारात वाटलं, भिंतींवर चिकटवलं, चौघांच्या मोबाइलवरून फिरवलं. एक प्रत चाचांच्या शटरलाही लावली.

दुसऱ्या दिवशी शटरवरची प्रत काढलेली होती. मला वाटलं, हरले.

आता त्यांच्याबद्दल मला नंतर जे कळलं, ते आधीच सांगते. नाहीतर वाचणारा माझ्याच बाजूने राहील, आणि तशी माझी लायकी नाही.

हर्निया म्हणजे काय, हे मला अकोल्यातल्या कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. ते चाचांनी मला एका उसवलेल्या पिशवीवर शिकवलं. "पोट म्हणजे काय? शिवलेली पिशवी. वरून कातडी, मंधात मांसाचं जाड कापड, आतून पातळ अस्तर. अस्तरात आतडी. आता कापड सगळीकडं सारखं नसते. जांघेत पातळ हाय, बेंबीत पातळ हाय. आन् जिथं डॉक्टरनं एकडाव फाडून शिवलं, तिथंबी पातळ. जोर पडला का तिथून अस्तर बाहेर निंगते, आन् अस्तराच्या मांगं आतडं. झाला हर्निया." जोर कशाने पडतो, तर पोत्याने पडतो, पण तेवढ्यानेच नाही. जुन्या खोकल्याने, रोजच्या बद्धकोष्ठाने, म्हातारपणी लघवीला लागणाऱ्या कुंथण्यानेही पडतो. म्हणून ते बिडी ओढणाऱ्याचा पट्टा शिवायच्या आधी त्याच्या खिशातलं बंडल काढून शेळीला टाकत. शेळी ते खात नसे. गिऱ्हाईक ते उचलायला वाकलं की चाचा ओरडत, "वाकू नको! आत्ताच गोळा आत घातला मी!"

बायकांना ते हात लावत नसत. पडद्याआडून तीन प्रश्न: गोळा कुठं, झोपल्यावर जातो का, पोरं किती. एकदा धामणगावची एक मावशी आली होती. मांडीच्या अगदी वर, लिंबाएवढी गाठ. "पट्टा द्या, बाप्पा." चाचांनी तिला चहा दिला, पट्टा दिला नाही. "तुयावाली जागा अरुंद हाय, माय. थ्या जागी अडकते. तिले पट्टा चालत नाई. याच आठवड्यात डॉक्टरकडे जाय." ती गेली, आणि नंतर त्यांना तुरीची डाळ पाठवत राहिली.

तेल्हाऱ्याहून एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आली. पोराच्या फुगलेल्या बेंबीवर नाणं ठेवून वर चिकटपट्टी बांधलेली. आमच्याकडे आज्या असं करतात. चाचांनी पाण्याने हळूहळू ती पट्टी सोडवली. खाली कातडी लाल झालेली. "पोराची बेंबी बहुतेक आपल्या हातानं मिटते. एकदोन वर्षं वाट पाय, डॉक्टरले दाखवून ठेव. पण जांघेत गोळा दिसला तर वाट पायजो नको, लगेच ने." नाणं त्यांनी बाईच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "याचे फुटाणे खाय."

आणि दोरा? त्यांच्याजवळ दोन रिळं होती. निळं पक्कं, पांढरं कच्चं. ज्याच्या हृदयाला भूल सोसणार नाही असं डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलं, त्याला जन्मभर पट्टाच वापरायचा, त्याला निळं. त्या आडत्यांकडे अशी चिठ्ठी होती. मी ती पाहिली नव्हती, कारण मला फक्त त्यांची सोन्याची अंगठी दिसली होती. बाकी सगळ्यांना, गरीब असो की गब्बर, पांढरं. "पट्टा म्हणजे टाचणी हाय, शिवण नव्हे," ते म्हणत. टाचणीने कापड धरून ठेवता येतं, फाटलेलं जुळत नाही. ऑपरेशन हाच उपाय. पण पट्टा चांगला टिकला की माणूस ऑपरेशन विसरतो. म्हणून त्यांचा पट्टा मुद्दाम मरायचा. माणूस शिव्या देत परत आला की पुन्हा लेटो, पुन्हा खोको, गोळा वाढला का ते पाहायचं आणि विचारायचं, "गेलता का दवाखान्यात?" नाही म्हटलं तर पट्टा पुन्हा पांढऱ्याच दोऱ्याने शिवून द्यायचा. लोक त्या हेलपाट्यांना कंटाळून ऑपरेशन करून घेत.

पत्रकानंतर काही आठवड्यांनी, यातलं काहीच मला ठाऊक नसताना, तो रविवार आला. सकाळचे साडेदहा. आई माहेरी. बाबा खाटेवर वेडेवाकडे झाले होते. "पट्टा नीट बसला नाई. चाचाकडे घेऊन चाल. तो बसवते." एकदा उलटी झालेली. मी हात लावला तर जांघेतला गोळा दगडासारखा.

ज्याच्या शटरवर मी शिव्या चिकटवल्या, त्याच्याच दारात मी बापाला ऑटोतून उतरवलं.

"लेटो," चाचा म्हणाले. बाबा निजले. गोळा गेला नाही. "खोको." बाबा खोकले आणि किंचाळले. मी घाबरून तो गोळा आत दाबायला गेले, तर चाचांनी माझ्या मनगटावर लाकडी फुटपट्टी मारली. "हात नको लावू! अडकलेलं आतडं दाबत नसतात." मग त्यांनी पट्ट्याची शिवण बघितली. दुहेरी. मेणाचा दोरा.

"ही शिलाई कोणं मारली?"

"मी मारून आणली."

त्यांनी मोठी कात्री घेतली आणि पट्टा मधोमध कापला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "कव्हापासून दुखते, भाऊ? उलटी कव्हा? हवा सरली का?" बाबा कण्हत सांगत होते आणि चाचा कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूने ते बाबांच्या पांढऱ्या पायजम्यावर लिहीत होते. मांडीवर: 'दुखणं ७'. गुडघ्यावर: 'उलटी ९ ॥', म्हणजे साडेनऊ. खाली: 'हवा बंद. गोळा जात नाही.' बाबांनी पाणी मागितलं. "एक घोट नाई. भूल द्या लागेल."

बाबा छताकडे बघत होते. अचानक म्हणाले, "हे तर आपल्या पोरीनं लिहिलेलं हाय."

मी वर पाहिलं. टेबलाच्या बरोब्बर वर, छताच्या पत्र्यावर, माझं पत्रक खळीने चिकटवलेलं होतं. निजलेल्या माणसाला दुसरं काही दिसणारच नाही अशा जागी. 'बंधूंनो, हा पट्टा टिकत नाही!'

"बरोबर लिहिलं हाय," चाचा शटर ओढत म्हणाले. "चाला, उठवा भाऊले."

ते ऑटोत आमच्याबरोबर आले, बाबांचे गुडघे वाकवून स्वतःच्या मांडीवर धरून. सरकारी दवाखान्यात एक तरुण सर्जन बाई होत्या. त्यांनी पायजमा वाचला, मग चाचांकडे पाहिलं. "केसपेपर असा पहिल्यांदाच पाहतेय. पण वेळा लिहिल्यात ते फार बरं केलं." त्यांनी गोळा एकदाच हळूच तपासला. "आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा बंद पडतोय. आत्ताच ऑपरेशनला घ्यायला लागेल."

कागदावर सही करायची वेळ आली आणि बाबांनी पेन खाली ठेवला.

"मॅडम, खरं सांगजा. हे नसबंदीचं तर नाई ना?"

हे ते दुसरं कारण. दोन वर्षं. टोळीतल्या निम्म्या माणसांची हीच समजूत होती, की जांघेत सुरी लागली की पुरुषपण गेलं.

"काका, वेगळी जागा, वेगळं काम," बाई म्हणाल्या. "मी फाटलेलं बुजवणार, बाकी काही कापणार नाही."

"सही कर बे, मुकादम," चाचा म्हणाले. "दुनियेले भाषण देते आन् इथं लाजते."

बाबांनी सही केली.

आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसलो, आणि दोन रिळांचा हिशेब चाचांनी मला तिथे सांगितला. मी रडत नव्हते. मी भांडत होते. तीच माझी सवय. "तुम्ही सांगितलं का नाही? लोकांना फसवून शिवता आणि गप्प बसता! मला तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर मी मोच्याकडे गेले असते का?"

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नसती गेली," म्हणाले. "थे माह्यं चुकलं. मले वाटे सांगून कोणी ऐकत नाई. तंबाखूच्या पुडीवर काय कमी लिहिलेलं असते? म्हणून मी बोलणं दोऱ्यावर सोडून देलं." मग माझ्याकडे न बघता, "तुयं पत्रक लावल्यापासून माणसं लेटल्या लेटल्या विचारतात, चाचा, टिकत नाई तर मग काय करू? मंग मी सांगतो. तीस वर्षं मले वाटे लोकांले शब्द नको. तुये शब्द कामी आले."

त्यांचं मला आजही सगळं पटत नाही. माणसाला न सांगता त्याच्या भल्याचा सापळा लावणं हे मी मान्य करणार नाही. पण माझ्यासारखं, सांगायच्या घाईत न विचारणं, हेही मी आता मान्य करत नाही.

दुपारी बाई बाहेर आल्या. आतड्याचा एक भाग काळसर पडला होता. गरम ओल्या कापडाने शेकल्यावर त्याचा रंग परतला. कापावं लागलं नाही. "अजून काही तास गेले असते तर तेवढं आतडं काढावं लागलं असतं, आणि जिवाचंही सांगता आलं नसतं." फाटलेल्या जागी जाळी बसवली होती. चाचांनी विचारलं, कसली जाळी? बाईंनी बेतून उरलेला एक तुकडा आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, ताणला, काठ चाचपले.

"ही तर मच्छरदाणी हाय."

"जवळपास."

"आन् दोरा?"

"पक्का," बाई म्हणाल्या. "कधीच विरघळत नाही असा."

चाचा इतके समाधानाने हसले, की जणू आपलाच चेला पास झाला. तो तुकडा त्यांनी टेपच्या डबीत ठेवला. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत: "हे असली शिलाई. माह्यवाली नकली."

बाबांना दीड-दोन महिने ओझं बंद होतं. टोळीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा बाबा एका सकाळी सोयाबीनच्या थप्पीवर चढले, सदरा वर केला, पायजम्याची नाडी जरा खाली सरकवली आणि टाका दाखवला. "पाहून घ्या. नसबंदी नाई. ज्याले गोळा हाय त्यानं समोर या." आधी कुणी हललं नाही. मग एक आला. मग तिघं. बाबांच्या पुढच्या पत्रकात पोत्याच्या वजनाखाली चार खऱ्या माणसांची नावं होती. मुकादमही बाबाच राहिले.

आता चाचा अकोल्यात नाहीत. डोळे गेले, मुलीकडे राहतात, आणि त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी अमरावतीला असते, पत्रकं अजून लिहिते. पण बाबा घरी आल्यावर आठवड्याभराने मी त्या दुकानात गेले होते, ते सांगायचं राहिलं.

मी माफीचं पत्रक लिहून नेलं होतं. पानभर. चाचांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि शेळीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवलं.

"लावत नाई हे," म्हणाले.

"का?"

"यात लिहिलं हाय का चाचा चांगला माणूस हाय. चांगल्या माणसाचा पट्टा लोक दहा वर्षं वापरतात. वरचंच राहू दे. थे वाचून दवाखान्यात जातात."

"ते खोटं आहे, चाचा. 'लूट' म्हटलंय त्यात."

"मंग थेवढा शब्द आन् शेटजीवाली ओळ खोड. बाकी खरं हाय." त्यांनी मला निळा खडू नाही, पक्क्या शाईचा पेन दिला. "आन् एक काम कर. मी शिवलेल्या प्रत्येक पट्ट्यावर माह्यं लेबल असते. उसवला तर शिव्या कोणाले द्या लागते, हे माणसाले समजलं पायजे. तुया कागदावर लेबल नाई. जागरूक नागरिक म्हणजे कोण?"

मी चपला काढल्या आणि टेबलावर चढले. 'लूट' खोडलं, शेटजींची ओळ खोडली. 'जागरूक नागरिक' खोडलं. मान वर करून, पत्र्याला टेकून, त्या जागी माझं नाव लिहायला लागले.

"मोठं लिही," खालून चाचा म्हणाले. "लेटून वाचता आलं पायजे."